बिनमिठाचा हिवाळा

माझ्या वडिलांनी एक अख्खा हिवाळा आपण आता थोड्याच दिवसांचे सोबती आहोत असं समजून काढला. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी भाजीत मीठ घालायला विसरत होते, एवढंच. हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी मी काय काम करते ते सांगावं लागेल, कारण दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या बाईच्या हातून ही चूक झाली नसती.

खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढतात अशा एका स्टुडिओत मी काम करते. फोटो मी काढत नाही. फोटोत जे ताट दिसतं ते मी मांडते. या कामाला फूड स्टायलिस्ट म्हणतात. आमचे नातेवाईक 'ती जेवण सजवते' असं म्हणतात आणि म्हणताना जरा हसतात. त्याआधी मी एका शाळेत चित्रकला शिकवत होते, तेव्हाही ते असेच हसायचे, त्यामुळे माझं काही बिघडत नाही.

स्टुडिओ इंदूरला, पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या भागात आहे, एका जुन्या शेडमध्ये. पूर्वी तिथे पत्र्याचे डबे बनत. शेजारच्या शेडमध्ये अजून प्रेस मशीन चालते. तिचा दणका बसला की आमच्या ग्लासातल्या ताकावर बारीक वर्तुळं उमटतात. म्हणून ताक, सरबत, शिकंजी असलं काही असेल तर त्याचा फोटो आम्ही शेजारच्यांच्या जेवणाच्या सुट्टीत काढतो, एक ते दीडमध्ये. त्या अर्ध्या तासात कोणी खोकलं तरी मला राग येतो. तसा मला राग लवकरच येतो. या कामात तो उपयोगी पडतो असं माझं मत आहे.

माणसं आम्ही तीन. एक फोटोग्राफर, जो मालकही आहे आणि ज्याला गिऱ्हाइकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, म्हणतात. दुसरी मी. आणि तिसऱ्या स्वयंपाकाच्या मावशी, ज्या रोज सकाळी महूहून बसने येतात. मावशींचे आजोबा फौजेत होते, वडील फौजेत होते. हुकूम कसा पाळायचा हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, आणि म्हणूनच कुठला पाळायचा नाही हेही.

आमच्याकडे प्रत्येक पदार्थ दोनदा बनतो. पहिल्या ताटाला डमी म्हणतात. ते दिव्यांखाली ठेवायचं आणि तासभर उजेड इकडून तिकडे हलवत बसायचं. तोपर्यंत डमी वाळतं, सुरकुततं, त्याच्यावर माशी बसते, त्याची कोणी पर्वा करत नाही. सगळं जमलं की डमी उचलायचं आणि त्याच जागी दुसरं, ताजं ताट ठेवायचं. ते हिरो. हिरोला आयुष्य पाच-सात मिनिटांचं. पोहे असतील तर तेवढ्यात पोहा बसतो, सेव असेल तर मऊ पडते. त्या पाच मिनिटांसाठी मी सियागंजच्या किराणा बाजारात जाऊन दोन किलो बेदाण्यांतून चाळीस बेदाणे वेचते. तिथल्या दुकानदारांनी माझं नाव 'चुनने वाली मॅडम' ठेवलंय, आणि मला लांबून पाहिलं की त्यांचे चेहरे पडतात.

या ताटातलं काहीच खाण्याजोगं नसतं. भाजी अर्धीकच्ची असते, म्हणजे तिचा रंग टिकतो. काकडीवरचे दवाचे थेंब ग्लिसरीनचे. वाफ म्हणजे ताटामागे लपवलेला ओल्या कापसाचा गरम बोळा. आणि मीठ कशातच नसतं. मीठ हा आमचा शत्रू. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं, कोथिंबीर मान टाकते, पनीर घामेजतं, रश्शावरचं तेल फुटून वेगळं होतं. फोटोत खारट काय आणि अळणी काय, दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आमच्या किचनच्या भिंतीवर एक पाटी आहे, माझ्याच अक्षरात: मीठ नाही.

मावशींना ती पाटी पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

"ताई, दुश्मनाच्या घरी पण लोक नमक तर टाकतातच ना," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे कोणी खाणार नाहीये."

"तरी पण."

त्या 'तरी पण'वर आमचा तह असा झाला की फोटोचं त्या माझ्या हुकमाप्रमाणे करतील आणि आम्हा तिघांच्या जेवणाचं एक छोटं पातेलं वेगळं लावतील, त्यांच्या मर्जीप्रमाणे. त्या पातेल्यात त्या जरा सढळ हातानेच मीठ घालतात. दिवसभराचं साचलेलं सगळं त्यात जात असावं.

मी मात्र पाटी लिहिणारी, आणि डमी मावशींनी केलं तरी हिरोची भाजी परतायची मीच. दहा वर्षं रोज कढईशी उभी राहिले आणि रोज मिठाच्या वेळी हात मागे घेतला. हळद, तिखट, मग थेट कोथिंबीर. हे इतकं अंगवळणी पडलं की पुढे हात मागे घेतोय हेही कळेनासं झालं.

आता घर. घरी बाबा आणि मी, दोघंच. बाबा पोलोग्राउंडलाच पंपांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चिठ्ठी लावल्याशिवाय कुठली वस्तू कपाटात ठेवायची नाही ही त्यांची शिस्त. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी आमच्या घरात खिळ्यांच्या डबीवर खिळ्यांचा इंच लिहिलेला असतो. आई जाऊन बारा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं काही फार मोठी नाहीत आणि इथे त्यांचं कामही नाही.

आईबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिची किडनी गेली होती. आता फार काही होण्यासारखं नाही हे डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. बाबांनी तिथल्या तिथे ठरवलं की तिला सांगायचं नाही. "बीपी आहे जरासं, बाकी सगळं ठीक आहे," असं आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितलं. तिचं मीठ बंद झालं. बाबा तिच्यासाठी वेगळी भाजी स्वतः करायचे, तोवर त्यांनी घरात चहासुद्धा केला नव्हता. आई ती अळणी भाजी खायची आणि दर वेळी म्हणायची, "छान झालंय." अकरा महिने हे चाललं. तिने एकदाही काही विचारलं नाही. ती गेल्यावर बाबा मला म्हणाले होते, "एक बरं झालं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही." त्या वाक्याचा त्यांना फार आधार होता. मलाही होता.

आता मी सांगत होते तो हिवाळा. दिवाळीनंतर दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. आणि बाबांना जिना चढताना दम लागतो म्हणून मी त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आले तेव्हा मी डाळिंबाचे दाणे चिमट्याने पोह्यांवर ठेवत होते. मी एका हाताने ते वरखाली करून पाहिले. सगळं व्यवस्थित होतं. दम लागण्याचं कारण वय, आणि बसून वाढलेलं पोट. तेवढ्यात बाबांचाच फोन आला.

"रिपोर्ट आली का? काय म्हणते?"

"काही नाही बाबा, सगळं ठीक आहे."

"कागद कुठे आहे?"

"मोबाईलवर आहे. घरी आल्यावर दाखवते. हिरो लागलाय, ठेवते हं."

घरी आल्यावर मी दाखवला नाही. विसरले. त्यांनी पुन्हा मागितला नाही आणि मला वाटलं, त्यांची खात्री पटली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा स्वयंपाक मी करू लागले. सातला भाजी-पोळी करून, झाकून, साडेआठला स्कूटरवर. तेव्हा मी काय करत होते ते आता कळतं. गॅसपाशी उभी राहिले की माझा हात स्टुडिओतल्यासारखा चालायचा. हळद, तिखट, मग कोथिंबीर. आठवड्यातून दोन-तीनदा मीठ पडायचं, बाकीचे दिवस नाही. तुम्ही विचाराल, मी स्वतः ते खात नव्हते का? नव्हते. दुपारी मी मावशींच्या पातेल्यातलं जेवते. आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत दिवसभर फोडण्यांचा वास नाकात बसलेला असतो, भाजीकडे बघवत नाही. मी दही-पोळी खाते, वर लोणचं, आणि बारीक सेव मूठभर. इंदूरच्या माणसाला पानात सेव असली की बाकी काय आहे ते फारसं कळतही नाही.

बाबाही जन्मभर तसेच. वरणावर सेव, भाजीवर सेव, एकदा तर खिरीजवळ सेवेचा चमचा नेलेला मी पाहिलाय. त्या हिवाळ्यात त्यांनी सेव सोडली. सेवेची बरणी मी पुढे केली तर हाताने बाजूला सारली.

"आता ते गरिष्ठ वाटतं," ते म्हणाले.

लोणचंही सोडलं. पापडही. जानेवारीत मी गराडूचा कंद तळून आणला, गरम, वर जीरावन मसाला आणि लिंबू मारून. तो त्यांचा जीव की प्राण. त्यांनी एक तुकडा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. "तू खा," म्हणाले. मी खाल्ला. त्यांचे दात दुखत असतील असं वाटलं. इंदूरचा म्हातारा सेव आणि गराडू दोन्हीला नाही म्हणतो, यावर एखाद्या दगडालासुद्धा शंका आली असती. माझं लक्ष बेदाण्यांत होतं.

भाजी मात्र ते सगळी संपवायचे. संध्याकाळी मी भांडं पाहायचे, घासल्यासारखं स्वच्छ. आणि रोज सांगायचे, "छान झालंय." आधी आयुष्यात कधी त्यांनी कुठल्या भाजीला छान म्हटलं नव्हतं. आईचा शब्द त्यांनी उचलला असं मला वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपल्याला स्वयंपाक येतो असा माझा समज होऊ लागला होता.

डिसेंबरातच त्यांनी फोटोंचं काम काढलं होतं. घरातले सगळे जुने फोटो, अल्बममधले, पेटीतले, भिंतीवरचे, एकेक काढून त्यामागे पेन्सिलीने लिहायचं: कोण, कुठलं, कितवं साल. खाली तारीख, म्हणजे लिहिल्याची. ती स्टोअरमधली सवय. एकेका फोटोवर ते तासभर आठवत बसत. मी विचारलं, "हे काय नवीन?"

"तुला यातली अर्धी माणसं ओळखू येत नाहीत. नंतर कोणाला विचारशील?"

मी स्टुडिओत जाऊन कौतुकाने सांगितलं की बाबांना या वयात छान छंद लागलाय. भिया म्हणाला, "बहुत बढ़िया. दिमाग चलता रहता है." मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या मटार सोलत होत्या.

मग त्यांनी आपला लोकरीचा कोट गल्लीतल्या चौकीदाराला देऊन टाकला. त्यावर मी चिडले.

"एवढी कडाक्याची थंडी आणि कोट देऊन टाकला?"

"त्याला बाहेर बसावं लागतं. मला आता कुठे जायचंय?"

ते शांतपणे बोलले. रागावलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं हा त्यांचा जुना दुर्गुण आहे. मी दार आपटून कामाला गेले. पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्यांनी मला त्या आठवड्यात दोनदा दाखवलं, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "तुम्ही आहात ना?"

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे एका मसालेवाल्याचं काम आलं. दाल-बाफल्याच्या डाळीचा मसाला. बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, तो डाळीत चुरून खातात. पाकिटावर ताट, आणि ताटात बाफला चुरणारा हात. हात लागला की भिया भंवरकुआंच्या हॉस्टेलांतून पोरं बोलावतो. अभ्यासाला आलेली पोरं, तासाभरासाठी खुशीने येतात. पण ते हात गुळगुळीत, त्यांनी जन्मात बाफला चुरलेला नाही हे बोटांवरून दिसतं. तिसऱ्या पोराला परत पाठवल्यावर भिया वैतागून म्हणाला, "यार, कोई घर का हाथ चाहिए. बुज़ुर्ग का."

मी बाबांना विचारलं. मला वाटलं होतं नाही म्हणतील. ते लगेच हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून दारात तयार. स्कूटरवर मागे बसल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "त्या भियाला सांग, माझाही एक फोटो काढून दे. चांगला, चेहऱ्याचा. म्हणजे वेळेवर शोधाशोध नको."

"कसल्या वेळेवर?"

"लागतो कधी."

पासपोर्ट साइजचं काही काम असेल असं मी धरून चालले. समोर सिग्नल लाल झाला होता.

शेडमध्ये शिरल्यावर ते थांबून छताकडे बघत राहिले. "इथे डब्यांचा कारखाना होता," म्हणाले. "आमच्या नटबोल्टांचे डबे इथूनच यायचे. झाकण कधीच बसायचं नाही." मग भियाने दाखवलेल्या स्टुलावर बसले. दिवा फक्त ताटावर आणि उजव्या हातावर, बाकीचे बाबा अंधारात. ते इतके स्थिर बसले की भियाने मला डोळ्यांनी खूण केली. मोठमोठ्या मॉडेलना हे जमत नाही. मी त्यांच्या नखांना तेलाचं बोट लावलं, मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. हात मला वाटला होता त्यापेक्षा हलका लागला. तेव्हाही मला काही कळलं नाही, पण हलका लागला हे लक्षात राहिलं.

बाफला चुरणं हे एका दमात होत नाही. रवाळ चुरा पडायला हवा, ढेकळं नकोत. तूप वरून एका धारेने यायला हवं. थंडीत तूप गोठतं, म्हणून आम्ही तुपाच्या जागी पिवळं केलेलं तेल ओततो. बाबांच्या हाताला शिकवावं लागलं नाही. अंगठ्याने दाबायचं, तळव्यावर फिरवायचं, सोडायचं. सोळा बाफले फुटले. सतराव्याला भिया म्हणाला, "बस, अंकलजी. कमाल."

"चेहरा नाही घेणार?" बाबांनी विचारलं.

"पॅकेट पे बस हाथ. आपका फोटो खाने के बाद, आराम से."

तेवढ्यात एक वाजला, शेजारची प्रेस थांबली. त्या दिवशी पेय काही नव्हतं, म्हणून आम्ही जेवायला थांबलो. मावशींनी त्यांच्या वेगळ्या पातेल्यातली डाळ आणि ताजे बाफले बाबांना वाढले आणि खुर्ची बाहेर उन्हात टाकून दिली. मी आत सेट आवरत होते. पाच मिनिटांत मावशी आत आल्या, हातात पळी तशीच.

"ताई, बाबांचं मीठ कधीपासून बंद आहे? आधी सांगायचं ना, मी अलग काढून ठेवलं असतं."

"मीठ? कोणी बंद केलं?"

"ते विचारत होते मला. म्हणे, मावशी, यात मीठ असेल, मला चालेल का हो? एक दिवस चालेल का? मी म्हटलं, का नाही चालणार? तर म्हणे, दिवाळीपासून बंद आहे. मुलगी सांगत नाही, पण बंद आहे."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात, तेलकट झालेली पाटी होती. मला सगळं एकदम कळलं असं म्हणता येणार नाही. आधी मिठाचं कळलं, मग सेवेचं, गराडूचं. मग कोटाचं. फोटोंमागच्या पेन्सिलीचं कळायला बाहेर जाईपर्यंतचा वेळ लागला, आणि ते अंतर काही वीस पावलांपेक्षा जास्त नाही.

बाबा उन्हात बसले होते. ताट मांडीवर, डाळीवर साय धरायला लागलेली. त्यांनी एकही घास घेतला नव्हता.

"बाबा, तुमचं मीठ कोणी बंद केलं?"

"तूच," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

मी तिथेच खाली, पायरीवर बसले. मोबाईल काढला, तीन महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट शोधले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी खिशातून चष्मा काढला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. बोटाचं तेल काचेवर लागत होतं. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. तोपर्यंत मी बोलत होते: की मला घालायची सवय राहिली नाही, की स्टुडिओत आम्ही घालत नाही, की मी ती भाजी कधी चाखलीच नाही, की ज्या दिवशी मीठ होतं त्या दिवशी ते चुकून होतं.

"चुकून होय," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, त्या दिवशी तुला माझी दया आली."

मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले.

"कधी कळलं तुम्हाला? म्हणजे, कधीपासून असं वाटत होतं?"

"पहिल्याच दिवशी. पहिल्या घासाला."

"मग विचारायचं ना एकदा! तीन महिने काय तोंड शिवलं होतं? एक शब्द विचारायचा!"

त्यांनी मोबाईल मला परत दिला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"तुझ्या आईने विचारलं होतं का कधी?"

"तिला कुठे माहीत होतं?" मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे वळले, बाफला डाळीत दाबला आणि जेवायला लागले. शेवटपर्यंत जेवले, बोटं चाटून. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, "बाकी सगळं फर्स्ट क्लास, मावशी. मीठ जरा जास्त झालंय."

"होय तर," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना राग आल्यासारखा मला वाटला नाही.

भियाने कॅमेरा तयार ठेवला होता. "आइए अंकलजी, आपका फोटो."

"अब क्या जल्दी है," बाबा म्हणाले. "फिर कभी."

ते पाकीट बाजारात आलं. चुरणारा हात बाबांचा, मनगटापर्यंतच. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे ते टांगलेलं असतं आणि बाबा तिथून जाताना त्याच्याकडे बघतही नाहीत. स्टुडिओतली पाटी अजून आहे, ती काढता येणार नाही, ते कामच तसं आहे. घरी मात्र सकाळी भाजी होत आली की मी हाक मारते आणि बाबा येऊन स्वतःच्या हाताने मीठ घालतात. सेवेची बरणी परत त्यांच्या उजव्या हाताशी गेली. छान झालंय असं आता ते म्हणत नाहीत. भाजी करपली, फोडणी कच्ची आहे, एवढं तिखट कोण खातं, असं रोज काही ना काही असतं, आणि ते ऐकताना मला जे वाटतं त्याला मी सुख म्हणेन. चौकीदाराकडून कोट मागायचा नाही यावर आमचं एकमत झालं. नवीन घेतला.

एप्रिलमध्ये घराचं रंगकाम काढलं. भिंतीवरच्या फ्रेमा मी उतरवल्या, पुसल्या, खाटेवर उलट्या मांडल्या. प्रत्येकीमागे बाबांचं अक्षर होतं. आईच्या फोटोमागे तिचं नाव, माहेरचं गाव, फोटोचं साल आणि खाली लिहिल्याची तारीख, डिसेंबरातली. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, नव्याने टोक केलेल्या पेन्सिलीची, आणि तिची तारीख वेगळी होती. ती बाफल्याच्या दिवसाची होती. ओळ अशी होती: हिला माहीत होतं.